खुलासा पोहोचेपर्यंत शेड रिकामी झाली होती

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खोट्या बातम्यांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्यातले बहुतेक लिखाण निवडणुका, नेत्यांच्या बनावट चित्रफिती आणि धार्मिक तेढ यांच्याभोवती फिरते. ते विषय गंभीर आहेतच. मात्र जी अफवा कोणाच्या अंगावर धावून जात नाही, कोणत्याही पक्षाच्या फायद्याची नसते आणि तरीही महिन्याभरात हजारो कुटुंबांचा चरितार्थ बुडवते, तिची दखल फारशी घेतली जात नाही. मी नाशिक जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून नोकरी केली आणि खाण्यापिण्याच्या पदार्थांविषयीच्या अफवा काय करतात ते जवळून पाहिले. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरलेली 'कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो' ही अफवा. ती आली, नुकसान करून गेली आणि नंतरच्या मोठ्या संकटात विसरली गेली. तिच्यातून जे शिकायला हवे होते ते आपण शिकलेलो नाही असे मला ठामपणे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भारतात कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले ते ९ मार्चला. या दोन तारखांच्या मधल्या काळात, म्हणजे राज्यात या आजाराचा एकही निदान झालेला रुग्ण नसताना, ब्रॉयलर कोंबडीचा बाजार कोसळला होता. किलोमागे ७० रुपयांच्या आसपास उत्पादन खर्च असलेली जिवंत कोंबडी शेडवरून निम्म्या भावातही जाईना, आणि मार्चमध्ये काही ठिकाणी ती १०-२० रुपयांनाही कोणी उचलेना. डहाणूकडे उबवणीची अंडी आणि पिल्ले नष्ट करावी लागली. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ हजारो कोंबड्या खड्ड्यात लोटल्या जात असल्याची चित्रफीत देशभर फिरली. अनेक गावांत शेतकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा करून कोंबड्या फुकट वाटल्या, कारण त्यांना पोसणे हे त्या विकण्यापेक्षा महाग झाले होते.

या व्यवसायाशी संबंध नसलेल्या वाचकाला प्रश्न पडेल की अफवा विरेपर्यंत शेतकऱ्याने थोडे थांबायचे होते. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीनची पोती घरात रचून ठेवता येतात, ब्रॉयलर कोंबडी ठेवता येत नाही. साधारण सहा आठवड्यांत ती दोन-सव्वादोन किलोची होते आणि त्यानंतर तिने खाल्लेले खाद्य वजनात पूर्वीसारखे उतरत नाही. पाच हजार पक्ष्यांची शेड त्या वयात दिवसाला सुमारे नऊ क्विंटल खाद्य संपवते. जागा कमी पडू लागते, उन्हाळ्याच्या तोंडावर मरतुक वाढते, खालचे तूस ओले होऊन अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबू लागतो. ज्याने स्वतःच्या पैशाने पिल्ले टाकली होती त्याचे भांडवल गेले. जो कंपनीशी करार करून पक्षी वाढवत होता त्याचे भांडवल वाचले, पण कंपनीने पुढची बॅच टाकलीच नाही आणि त्याच्या शेडचे कर्ज तसेच राहिले. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो. त्या हंगामात मक्याची किमान आधारभूत किंमत १७६० रुपये क्विंटल होती आणि बाजारात भाव त्याच्याही खाली गेला. ज्याने आयुष्यात कधी कोंबडी पाळली नाही अशा मका उत्पादकालाही ही अफवा भोवली. पुढे दोन-तीन महिन्यांत लोक पुन्हा कोंबडी खाऊ लागले तेव्हा शेडमध्ये पक्षीच नव्हते. भाव चढले, पण ज्यांचे नुकसान झाले होते त्यांच्याकडे विकायला माल नव्हता.

आता ही अफवा लोकांना पटली कशी, हा खरा प्रश्न आहे. लोक अडाणी आहेत म्हणून पटली, हे उत्तर मला मान्य नाही. ती पटली, कारण तिच्यात सत्याचा एक तुकडा होता. कोंबड्यांना 'इन्फेक्शस ब्राँकायटिस' नावाचा श्वसनाचा आजार होतो आणि त्याचा विषाणू कोरोना कुळातलाच आहे. पशुवैद्यकांना तो १९३० च्या दशकापासून माहीत आहे, लहान पिल्लांना त्याची लस नेमाने दिली जाते आणि तो माणसाला होत नाही. परंतु ज्याने पशुवैद्यकशास्त्राच्या पुस्तकाचे एक पान पाहिले, त्यावर कोंबडीचे चित्र पाहिले आणि शेजारी 'कोरोना व्हायरस' हे शब्द वाचले, त्याला हे कोणी सांगायचे की मांजराचा, गायीचा, कोंबडीचा आणि माणसाचा कोरोना हे एकाच कुळातले असले तरी वेगवेगळे विषाणू आहेत?

त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या एका संदेशातील छायाचित्र मला अजून आठवते. त्यात एक कोंबडी मान पूर्ण मागे पिरगाळून पडली होती, एक पंख लुळा होता आणि खाली हिरवट विष्ठा दिसत होती. कोणत्याही पशुवैद्यकाने किंवा परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईने ते पाहताक्षणी सांगितले असते की ही मानमोडी आहे, म्हणजे राणीखेत रोग. हा आजार गावोगावी नेहमीचा आहे, त्याची लासोटा लस स्वस्तात मिळते आणि त्या चित्राचा कोरोनाशी काडीचाही संबंध नव्हता. तथापि, हे चित्र पाहणारे बहुसंख्य लोक शहरातले होते. त्यांनी कोंबडी फक्त दुकानात सोललेली पाहिलेली होती. जे ओळखू शकत होते त्यांना कोणी विचारले नाही, आणि ज्यांना ओळखता येत नव्हते ते एकमेकांना ते चित्र पाठवत राहिले. माहितीच्या युगाचे हे मोठे दुखणे आहे. ज्ञान नाहीसे झालेले नाही, ते आपल्या गावातच आहे, परंतु ते ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत जाण्याची सवय मोडली आहे.

खड्ड्यात पुरलेल्या कोंबड्यांच्या चित्रफितींनी तर आगीत तेल ओतले. गिऱ्हाईक नाही म्हणून शेतकऱ्याने पक्षी पुरले, त्याचे चित्रण फिरले आणि ते पाहून लोक म्हणाले, 'रोग नसता तर पुरल्या कशाला असत्या?' ज्या नुकसानीचे कारण अफवा होती, तेच नुकसान अफवेचा पुरावा झाले. मला माहीत असलेल्या एका शेतकऱ्याला मी तेव्हा विषाणूचे कूळ वगैरे सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, 'डॉक्टर, तुम्ही सांगताय ते मला पटलंय. पण मला पटून काय उपयोग? गिऱ्हाइकाला त्याच्या मेव्हण्याने सांगितलंय.' या एका वाक्यात प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. शासनाचा खुलासा आलाच नव्हता असे नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन आयुक्तांनी फेब्रुवारीतच राज्यांना पत्र पाठवून कोंबडीतून या विषाणूचा प्रसार होत असल्याचे कोठेही आढळलेले नाही असे कळवले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस हैदराबादेत तेलंगणच्या मंत्र्यांनी भर व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखवली. पण पत्र इंग्रजीत होते, ते दिल्लीहून मुंबईला, तिथून पुण्याला, तिथून जिल्ह्याला आणि मग तालुक्याला आले. आणि व्यासपीठावर खाऊन दाखवल्याने मंत्र्यांचे धैर्य दिसते, विषाणू कसा पसरतो हे कळत नाही. मेव्हणा मात्र घरातला होता, त्याने काळजीपोटी सांगितले होते आणि सांगताना पत्राचा जावक क्रमांक दिला नव्हता.

लोक माहिती तपासतात ती मुख्यतः माणसावरून, हे आपण मान्य करायला हवे. त्यात गैर काही नाही. आपण सर्वच जण आयुष्यातले बहुतेक ज्ञान विश्वासाने घेतो. पृथ्वीचा परीघ मी स्वतः मोजलेला नाही आणि लसीच्या कुपीत काय आहे ते मी प्रयोगशाळेत तपासलेले नाही. ज्यांनी ते काम केले त्यांच्यावर माझा भरवसा आहे. म्हणून 'प्रत्येक संदेश स्वतः तपासून पाहा' हा जो उपदेश हल्ली केला जातो, तो सामान्य माणसावर न पेलणारे ओझे टाकतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री विषाणूशास्त्र वाचावे अशी अपेक्षा कोणी करू नये. विचारायला भरवशाचे कोणीतरी असावे, एवढी त्याची गरज आहे.

आणि भरवसा आयत्या वेळी मागून मिळत नाही. या बाबतीत आमच्या क्षेत्राची चूक मला झाकायची नाही. 'ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देतात' हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि तो खोटा आहे. हजारो पक्ष्यांना एकेक करून इंजेक्शन देणे परवडणारे नाही. वाढीचे हार्मोन प्रथिनाचे असल्याने खाद्यातून दिले तर ते पचून जाते. सहा आठवड्यांत होणारी वाढ ही पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीची आणि मोजून दिलेल्या खाद्याची आहे. परंतु याच व्यवसायात प्रतिजैविकांचा वापर बेसुमार होत होता, आणि ते मात्र खरे आहे. माणसांच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून वापरले जाणारे कोलिस्टिन हे औषध पक्ष्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैमध्ये त्यावर बंदी घातली. त्याआधी व्यवसायातले कोणी पुढे येऊन 'आम्ही हे वापरतो, या कारणासाठी वापरतो आणि पक्षी विकण्याच्या इतके दिवस आधी बंद करतो' असे गिऱ्हाइकाला सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्या धंद्यात काहीतरी लपवले जाते असा वास लोकांना येतो, त्या धंद्याविषयी लोक वाईटात वाईट गोष्टीवर आधी विश्वास ठेवतात. हार्मोनची गोष्ट खोटी असूनही टिकली ती प्रतिजैविकांविषयीच्या मौनामुळे, आणि कोरोनाची गोष्ट आली तेव्हा तिच्यासाठी जमीन नांगरून तयार होती.

प्लास्टिकच्या अंड्यांची अफवा यापेक्षा सोपी होती. ती २०१७ मध्ये कोलकात्याहून देशभर पसरली आणि अधूनमधून अजून डोके वर काढते. एका शाळेत पालकांच्या बैठकीला मला बोलावले होते, तिथे एका आईने उकडलेल्या अंड्याचा पातळ पापुद्रा कागदात गुंडाळून आणला होता. तो वाळून कडक, पारदर्शक आणि खरोखरच प्लास्टिकच्या कागदासारखा दिसत होता. अंड्याच्या कवचाच्या आत दोन पातळ पडदे असतात, अंडे शिळे होऊ लागले की ते चिवट होतात. मी त्या बाईंनाच काडी ओढायला सांगितली. प्लास्टिक असते तर ते वितळून थेंब पडले असते. पापुद्रा आक्रसून काळा झाला आणि केस जळल्यासारखा वास आला, कारण तो प्रथिनाचा असतो. वर्गातल्या सर्वांनी तो वास घेतला. त्या शाळेतून पुढे तशी तक्रार आली नाही. त्या बाईंना कोणी मूर्ख म्हटले नाही, उलट त्यांनी आणलेल्या पापुद्र्यावरच सारे काही सिद्ध झाले, हे मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांना दिसले ते खरे होते, त्याचा अर्थ तेवढा चुकला होता. आपले खुलासे मात्र 'अफवांवर विश्वास ठेवू नका' या वाक्याने सुरू होतात आणि वाचणाऱ्याला आधीच अपराधी ठरवतात.

यापेक्षा अवघड प्रसंग म्हणजे जिथे उत्तर सरळ 'खरे' किंवा 'खोटे' असे नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, आणि पुढे राज्यातील रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत काही रुग्णांच्या विष्ठेत नोरोव्हायरस आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता. परंतु कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात तिला काही त्रास न देता राहतो, त्यामुळे कोंबडीचे नाव पुन्हा आले आणि पुन्हा दुकाने ओस पडली. इथे 'कोंबडीचा काहीही संबंध नाही' असे ठणकावून सांगणे शास्त्राला धरून नव्हते, आणि 'कोंबडी खाऊ नका' असे सांगणेही नव्हते. सांगायला हवे होते ते इतके: मांस आतपर्यंत शिजले की हा जिवाणू मरतो, कच्ची कोंबडी नळाखाली धुतल्याने शिंतोडे उडून तो ओट्यावर आणि कोशिंबिरीत जातो, म्हणून ती धुऊ नका, तिच्यासाठी सुरी आणि पाट वेगळा ठेवा, आणि या भागातले पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. हे चार शब्द प्रत्येक घराला उपयोगी होते आणि त्यात कोणाचा व्यवसायही बुडत नव्हता. ते सांगितले गेले, पण मथळ्यांच्या गदारोळात ते ऐकू आले नाहीत.

बर्ड फ्लूच्या बाबतीत हाच पेच दर काही वर्षांनी उभा राहतो. देशातला या रोगाचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांमध्ये आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरला मेलेल्या कावळ्यांमध्ये तो पुन्हा सापडला. हा रोग खरा आहे, पक्ष्यांसाठी तो घातक आहे आणि आजारी पक्ष्यांच्या निकट संपर्कात येणाऱ्या माणसालाही क्वचित धोका असतो. म्हणूनच बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. व्यवस्थित शिजवलेल्या मांसातून व अंड्यातून मात्र तो होत नाही, ७० अंश सेल्सिअसला विषाणू नष्ट होतो. परंतु पक्षी मरू लागल्यापासून नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत काही दिवस जातात. अफवा वाढते ती याच दिवसांत. त्या काळात अधिकारी बोलत नाहीत, कारण अहवालाशिवाय बोलायचे नाही असा दंडक आहे. हा दंडक निदान जाहीर करण्यापुरता योग्य आहे, गप्प बसण्यासाठी नाही. 'अमुक गावात इतके पक्षी मेले, नमुने अमुक दिवशी पाठवले, निदान अजून झालेले नाही, अहवाल आला की त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, तोवर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका' असे सांगायला कोणत्या अहवालाची गरज आहे? 'अजून माहीत नाही' असे जो मोकळेपणाने सांगतो, त्याचे 'आता माहीत झाले' हेही लोक ऐकतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

संदेशवहनाच्या कंपन्यांवर बंधने आणली की प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्या आणि तशाच इतर हत्यांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. हे उपाय योग्यच आहेत, त्यांनी वेग कमी होतो. पण कोंबडीच्या अफवेला फार वेग लागला नाही. ती घराघरातल्या काळजीतून चालत गेली, आणि काळजीवर कंपनीची मर्यादा चालत नाही. आता तर ओळखीच्या डॉक्टरचा आवाज आणि चेहरा यंत्राने हुबेहूब तयार करता येतो. अशा वेळी 'व्हिडिओ पाहिला' हा पुरावा राहत नाही, आणि ज्याला प्रत्यक्ष जाऊन विचारता येते अशा माणसाचे मोल उलट वाढते.

सरकारने स्वतःच खरेखोटे ठरवावे, ही दुसरी सूचना. केंद्राशी संबंधित मजकूर खोटा की खरा हे केंद्राच्याच कक्षाने ठरवावे अशी तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत केली गेली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तो निकाल मला योग्य वाटतो. मी स्वतः सरकारी नोकर होतो, म्हणून सांगतो की सरकारी शिक्क्याने कागद खरा ठरतो, पण लोकांचा विश्वास त्याने बसत नाही. सरकारकडे जे असते आणि इतर कोणाकडे नसते ते म्हणजे मूळ माहिती: कोणत्या तालुक्यात किती नमुने घेतले, किती सदोष निघाले, कोणत्या दुकानातल्या मांसात प्रतिजैविकांचे अंश सापडले, कोणत्या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. ही माहिती मराठीत, तालुकावार आणि वेळेवर उघड केली तर खोडून काढण्याचे निम्मे काम लोकच करतील. ती कपाटात ठेवून वर 'हे खोटे आहे' असे सांगत राहिले, तर खरे सांगितलेलेही कोणी मानणार नाही.

संपादक महोदय, आपल्या क्षेत्राविषयीही लिहिणे मला भाग आहे, कारण ग्रामीण भागात छापील वर्तमानपत्रावरचा विश्वास आजही टिकून आहे आणि तो जपला जावा असे मला मनापासून वाटते. २०२० मध्ये अनेक ठिकाणी 'कोंबडीतून कोरोना?' असे मथळे दिसले. प्रश्नचिन्ह घातले की जबाबदारी संपते असे मथळा देणाऱ्याला वाटत असेल, पण वाचणारा प्रश्नचिन्ह घरी नेत नाही. तो कोंबडी आणि कोरोना हे दोन शब्द घेऊन जातो. बर्ड फ्लूच्या बातमीसोबत कुठल्यातरी वेगळ्या राज्यातले, वेगळ्या वर्षातले मेलेल्या कोंबड्यांच्या ढिगाचे छायाचित्र वापरले जाते आणि खाली बारीक अक्षरांत 'संग्रहित' असे छापले जाते. ज्या गावात आठ कावळे मेलेले असतात त्या गावाच्या नावाशेजारी हजारो कोंबड्यांचा ढीग दिसतो. भारतीय वृत्तपत्र परिषदेची आचारसंहिता सांगते की चूक झाल्यास दुरुस्ती तातडीने आणि ठळकपणे छापावी. प्रत्यक्षात चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या पानावर जाहिरातीखाली असते. आपल्या दैनिकाने एवढे ठरवावे अशी माझी विनंती आहे की रोगाच्या बातमीत त्या ठिकाणचे आणि त्या आठवड्याचे छायाचित्र नसेल तर छायाचित्रच छापायचे नाही, आणि दुरुस्ती मूळ बातमी जिथे होती त्याच पानावर छापायची.

शासनाकडे माझी मागणी मोठी नाही. गावपातळीवर ज्यांना लोक ओळखतात अशी माणसे आपल्याकडे आधीपासून आहेत: पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आणि पर्यवेक्षक, आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले शिक्षक. दवाखान्यातली रिक्त पदे भरणे ही पहिली गरज, कारण जो माणूस गावात नाहीच त्याला कोणी विचारू शकत नाही. त्यानंतर, कोणताही साथीचा संशय आला की जिल्ह्याकडून या सर्वांना त्याच दिवशी, सोप्या मराठीत, एका पानाची माहिती मिळावी. तिच्यात माहीत असलेले, माहीत नसलेले आणि पुढची माहिती केव्हा येणार हे तिन्ही असावे, आणि खाली ज्याला दूरध्वनी करता येईल अशा तालुक्यातल्या अधिकाऱ्याचे नाव असावे. आज त्यांना बहुधा गावकऱ्यांइतकेच, आणि गावकऱ्यांच्याच भ्रमणध्वनीवरून, कळते. ज्याला स्वतःला काही सांगितलेले नाही तो दुसऱ्याला धीर काय देणार?

बर्ड फ्लूचा धोका मुख्यतः स्थलांतरित पक्षी येण्याच्या काळात, म्हणजे हिवाळ्यात, असतो. त्याआधी २ ऑक्टोबरची ग्रामसभा होते. त्या सभेत तालुक्याच्या पशुवैद्यकाने अर्धा तास बोलावे, मानमोडी कशी दिसते आणि बर्ड फ्लू कसा दिसतो ते सांगावे, प्रतिजैविकांविषयी विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत आणि पक्षी मेले तर कोणाला कळवायचे ते फलकावर लिहून यावे. यासाठी नवा निधी लागत नाही, जिल्हा परिषदेचा एक आदेश पुरतो. तो आदेश यंदा सप्टेंबरच्या आत निघावा यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
जिल्हा नाशिक